जुना निशिजिन ओबी की कुरुमे कासुरी?
क्योतोला जातेयस आणि एकच घ्यायचंय ना, मग ऐक. ओबी म्हणजे किमोनोवर कमरेला बांधायचा रुंद पट्टा, निशिजिन हा क्योतोतला विणकरांचा भाग; आणि कासुरी म्हणजे जपानातल्याच कुरुमे शहराकडचं निळीत रंगवलेलं नक्षीचं कापड. तोजी देवळाच्या २१ तारखेच्या बाजारात जुने ओबी बरेच स्वस्त मिळतात, कारण तिकडे रोज किमोनो घालणारेच कमी झालेत. हातमागाची कासुरी मात्र खिसा रिकामा करते. टिकण्याचं म्हणशील तर जुन्या ओबीतली जरीची तार बरेचदा कागदावर सोन्याचा वर्ख लावून कापलेल्या बारीक पट्ट्यांची असते, ती घडीवर सुटते, म्हणून पैठणीसारख्या घड्या बदलत राहा, आणि पाणी लावूच नको. कासुरी सुती, आधी सूत बांधून मग नीळ चढवतात म्हणून नक्षीच्या कडा जरा पुसट दिसतात (मला तेच आवडतं), धुवून धुवून मऊ होते, सुरुवातीला रंग जातो एवढंच. भिंतीवर लावायला ओबी घे, अंगावर वापरायला कासुरी.