बॉक्सरेक: रेकॉर्ड वाचायला उत्तम, भाकितासाठी अपुरं

व्यावसायिक बॉक्सिंगवर वाद घालायचा असेल तर आधी बॉक्सरेक उघडावं. फक्त त्यातली क्रमवारी पुढे करून वाद मिटवायला जाऊ नये. जॉन शेपर्ड यांनी २००० साली सुरू केलेली ही वेबसाइट, म्हणजे लढतींची नोंदवही, स्वयंसेवक संपादकांच्या बळावर चालते, आणि आज जगात कुठेही लढत झाली तरी तिचा निकाल पाहायला लोक इथेच येतात. खातं उघडल्याशिवाय बरंचसं दिसत नाही, एवढी एक पायरी चढावी लागते. मांडणी जुनाट आणि दाटीवाटीची आहे. पण आकड्यांवर प्रेम असलेल्या माणसाला तिची सवय दोन दिवसांत होते.

बॉक्सरच्या पानावर सगळ्यात वर विजय, पराभव आणि बरोबरी अशा तीन रंगीत चौकटी असतात. त्याखाली नॉकआउट, वजनगट, उंची, हातांची लांबी, उजवा की डावखुरा, पदार्पणाची तारीख. बहुतेक जण इथेच थांबतात आणि फसतात. खरी माहिती खालच्या तक्त्यात आहे: तारीख, प्रतिस्पर्धी, त्या दिवशीचा त्याचा रेकॉर्ड, त्याचे शेवटचे काही निकाल, ठिकाण, आणि निकाल कसा लागला. मी तक्ता नेहमी खालून वर वाचतो, म्हणजे पदार्पणापासून. प्रत्येक ओळीत आधी प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे निकाल पाहायचे, मग त्याचा एकूण रेकॉर्ड. कारण २५ विजय आणि ३ पराभव असलेला बॉक्सर जर ते तिन्ही पराभव गेल्या चार लढतींत घेऊन आला असेल, तर तो चढणीवरचा नाही, उतरणीवरचा माणूस आहे.

डिऑन्टे वाइल्डरचं पान यासाठी उत्तम धडा आहे. २०१५ च्या जानेवारीत तो बर्मेन स्टिव्हर्नसमोर उभा राहिला तेव्हा ३२ लढती, ३२ विजय, ३२ नॉकआउट असा त्याचा रेकॉर्ड होता. आकडा भीतिदायक. पण फेऱ्यांचा रकाना पाहिला तर कळतं की तोवर तो चौथ्या फेरीच्या पुढे एकदाही गेला नव्हता, आणि त्या ३२ जणांत भर उमेदीतला अव्वल हेवीवेट शोधून सापडत नाही. स्टिव्हर्नविरुद्ध तो १२ फेऱ्या टिकला आणि गुणांवर जिंकला. ती त्याच्या पहिल्या काही वर्षांतली सर्वांत महत्त्वाची ओळ, आणि नेमकी तीच नॉकआउटची नाही.

आता शेजारी आर्तुर बेटरबिएव्हचं पान ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिमित्री बिव्होलसमोर येताना त्याचेही २० पैकी २० नॉकआउट. वरची चौकट वाइल्डरच्या जातीचीच. पण खाली पाहा: ओलेक्सांद्र ग्वोझ्डिक अपराजित असताना दहाव्या फेरीत थांबवला, जो स्मिथ ज्युनिअर दुसऱ्या फेरीत, अँथनी यार्ड आठव्या, कॅलम स्मिथ सातव्या. हे दमलेले पाहुणे नव्हते. हा माणूस उशिराच्या फेऱ्यांतही तेवढ्याच जोरात मारतो, हे एकाही चित्रफितीशिवाय समजतं. तारखांचा रकाना मात्र काळजीत टाकतो. २०१३ मध्ये पदार्पण, आणि अकरा वर्षांत केवळ २० लढती. बिव्होलविरुद्ध तो बहुमताने जिंकला, फेब्रुवारी २०२५ मध्ये बहुमतानेच हरला, आणि दोन्ही वेळा जजांचे गुण ११४-११४, ११५-११३, ११६-११२ असेच होते, फक्त बाजू उलटली. दोन्ही गुणपत्रिका इथे एकाखाली एक पाहता येतात. चोवीस फेऱ्यांत या दोघांत किती कमी अंतर होतं, हे याहून स्वच्छ कुठे दिसणार?

निकालाची अक्षरं नीट शिकून घ्यावीत. यूडी म्हणजे तिन्ही जज एका बाजूला. एमडी म्हणजे दोन जज एका बाजूला आणि तिसऱ्याची बरोबरी. एसडी म्हणजे दोघे इकडे, एक तिकडे. टीकेओ रेफरीने थांबवली, आरटीडी म्हणजे दोन फेऱ्यांमध्ये बॉक्सर स्टुलावरून उठलाच नाही किंवा त्याच्या कोपऱ्याने, म्हणजे प्रशिक्षकांनी, त्याला उठू दिलं नाही. हा शेवटचा फरक फार बोलका आहे. वासिल लोमाचेन्कोच्या पानावर नोव्हेंबर २०१६ ते डिसेंबर २०१७ सलग चार आरटीडी आहेत: वॉल्टर्स, सोसा, मारियागा, रिगॉन्डो. चौघांपैकी कुणीही आडवा पडून मोजून बाद झाला नाही; मारणं आणि चुकवणं दोन्ही अशक्य झाल्यावर त्यांच्या बाजूने लढत सोडली गेली. लोमाचेन्कोची शैली सांगायला यापेक्षा नेमकं काही नाही. मात्र त्याच तक्त्यात रिगॉन्डो दोन वजनगट वर चढून आला होता, हेही आपण स्वतः वजनं पडताळून पाहायचं असतं. ओळ ते ओरडून सांगत नाही.

लोमाचेन्कोचंच पान या नोंदवहीची सर्वांत मोठी उणीवही दाखवतं. मार्च २०१४, सॅन अँटोनियो: १-० (एक विजय, शून्य पराभव) असा रेकॉर्ड असलेला लोमाचेन्को बारा पराभव खाल्लेल्या ऑर्लांडो सालिडोकडून एसडीने हरला. तक्ता पाहून नवखा पोरगा घाईने मोठ्या लढतीत ढकलला गेला असं वाटेल. प्रत्यक्षात तो दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मालक होता आणि हौशी बॉक्सिंगमध्ये ३९६ विजय व फक्त एक पराभव घेऊन आला होता. यातलं काहीही त्या १-० मध्ये मावत नाही. दुसऱ्या बाजूने, सालिडो १२६ पौंडांची मर्यादा चुकवून सव्वा दोन पौंड जास्त भरला आणि लढतीच्या रात्री १४७ पौंडांचा होऊन रिंगमध्ये आला, लोमाचेन्को १३६. निकालाच्या ओळीत अकरा पौंडांचा हा फरक दिसत नाही. हौशी कारकीर्द आणि लढतीच्या रात्रीचं वजन या दोन गोष्टी बाहेरून जमवल्याशिवाय पहिल्या दहा लढतींतल्या कुठल्याही बॉक्सरबद्दल मत बनवू नये.

पराभवांबद्दल लोकांची समजूत तर पारच उलटी आहे. पीटर बकलीचं पान उघडा: ३०० लढती, ३२ विजय, २५६ पराभव, १२ बरोबरी. हसण्याआधी निकालांची अक्षरं पाहा. बहुतेक पराभव गुणांवरचे, यजमान बॉक्सरच्या गावात, बऱ्याचदा चार किंवा सहा फेऱ्यांचे. हा माणूस तरुण बॉक्सरांना फेऱ्या शिकवायचा, त्यांचं तंत्र तपासायचा आणि सहसा सुखरूप घरी जायचा. नवा बॉक्सर अशा माणसाला लवकर थांबवतो तेव्हा ती खरी बातमी असते. इमॅन्युएल ऑगस्टसचा ३८-३४-६ हाही तसाच फसवा आकडा. २००० साली त्याच्याशी नवव्या फेरीपर्यंत झुंजलेल्या फ्लॉइड मेवेदरने पुढे त्याचं नाव आपल्या सर्वांत कठीण प्रतिस्पर्ध्यांत घेतलं. ग्लेन जॉन्सननेही नऊ पराभव पाठीशी असताना सप्टेंबर २००४ मध्ये रॉय जोन्स ज्युनिअरला नवव्या फेरीत झोपवलं आणि डिसेंबरमध्ये अँटोनियो टार्व्हरला हरवलं. नऊ पराभव कुठे आणि किती गुणांनी झाले हे वाचणाऱ्याला तो धक्का कमी बसला असेल.

आणि अँडी रुइझ. १ जून २०१९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो जॅरेल मिलरच्या जागी ऐनवेळी आला आणि अँथनी जोशुआला सातव्या फेरीत थांबवलं. लोक त्याच्या पोटाकडे पाहत राहिले. पान मात्र सांगत होतं: ३२ विजय, एकच पराभव, तो २०१६ मध्ये जोसेफ पार्करकडून, पार्करच्या घरात ऑकलंडला, आणि तोही एमडीने. याच पार्करविरुद्ध जोशुआला २०१८ मध्ये पूर्ण १२ फेऱ्या लागल्या होत्या. जोशुआ पुढेच होता, पण ही सोपी संध्याकाळ नसणार एवढं त्या दोन ओळींतून वाचता येत होतं. डिसेंबरच्या परतलढतीत रुइझ २६८ वरून साधारण २८३ पौंडांवर गेला आणि गुणांवर सहज हरला. हे वजन नोंदीत सापडतं, आणि निकालाचं निम्मं कारण त्यातच आहे.

जजांची पानं हा या सेवेचा सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. लढत जाहीर झाली आणि जजांची नावं कळली की प्रत्येकाच्या नावावर जाऊन त्याने कोणत्या लढतींत इतर दोघांपासून वेगळं मत दिलं ते पाहावं. सी. जे. रॉस यांनी २०१२ मध्ये पॅक्याओविरुद्ध ब्रॅडलीला ११५-११३ दिले आणि २०१३ मध्ये मेवेदर-कॅनेलो लढत ११४-११४ ठरवली. सप्टेंबर २०१७ मध्ये कॅनेलो-गोलोव्हकिन लढतीत अॅडलेड बर्ड यांनी कॅनेलोला ११८-११० दिले. बाकी दोघांपैकी एकाने गोलोव्हकिनला ११५-११३ आणि दुसऱ्याने ११४-११४. लढत बरोबरीत सुटली. कारकिर्दीच्या आकड्यात तिथे फक्त एक बरोबरी वाढते, पण गोलोव्हकिनचं मूल्यमापन करताना ती गुणपत्रिका शेजारी ठेवायलाच हवी.

एनसी, म्हणजे निकाल रद्द, या दोन अक्षरांपाशी थांबून वाचावं. एप्रिल २०२४ मध्ये रायन गार्सियाने डेव्हिन हेनीला सातव्या, दहाव्या आणि अकराव्या फेरीत खाली पाडलं आणि तो बहुमताने जिंकला. त्याने १४० पौंडांची मर्यादा ३.२ पौंडांनी ओलांडली होती, आणि पुढे चाचणीत ऑस्टारिन हे बंदी असलेलं द्रव्य सापडल्यामुळे निकाल रद्द झाला. त्यामुळे कागदावर हेनीच्या नावासमोर त्या रात्रीचा पराभव नाही. नियमाने ते योग्यच आहे. पण हेनी डाव्या हुकला किती उघडा आहे हे त्या रात्री दिसलं, आणि ते ज्ञान रद्द होत नाही. पुढच्या प्रत्येक लढतीचा अंदाज करताना ते धरावंच लागेल.

आता क्रमवारीबद्दल. बॉक्सरेकची क्रमवारी माणसाच्या मताने नाही, गणिताने चालते: कुणाला हरवलं, तो किती गुणांचा होता, कसं हरवलं, किती दिवसांपूर्वी. जगज्जेतेपदाचे पट्टे देणाऱ्या संघटनांच्या याद्यांमध्ये आव्हानवीर वरखाली सरकवले जातात तसला हस्तक्षेप इथे नाही, म्हणून पहिल्या वीस नावांची यादी एकंदरीत विश्वासार्ह वाटते. बिघडते ती शैलीपाशी. डावखुरा बॉक्सर, लांब जॅब, शरीरावर मारणारा, मागे सरकत मारणारा, हे गणिताला ठाऊक नाही. दोन लढतींमधली गॅप मोठी पडली की बॉक्सर घसरतो किंवा यादीतून बाहेर जातो, मग तो जखमी असो, करारात अडकलेला असो किंवा संपलेला.

गॅपचा नियम कधी लागू पडतो आणि कधी नाही, याची दोन उदाहरणं टेरेन्स क्रॉफर्डच्याच पानावर आहेत. जुलै २०२३ मध्ये एरॉल स्पेन्स त्याच्यासमोर पंधरा महिन्यांनी रिंगमध्ये आला, त्याआधीच्या दोन लढतींमध्येही सोळा महिन्यांचं अंतर होतं. दुसऱ्या फेरीत एकदा, सातव्या फेरीत दोनदा पडला आणि नवव्यात लढत थांबली. तारखा ओरडून सांगत होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र क्रॉफर्ड स्वतः तेरा महिन्यांच्या विश्रांतीनंतर १५४ वरून थेट १६८ पौंडांवर चढला आणि लास व्हेगासला कॅनेलोला ११६-११२, ११५-११३, ११५-११३ ने हरवलं. क्रॉफर्डचा तक्ता पाहून कुणी हे सांगितलं नसतं. कॅनेलोचा पाहून थोडंफार सांगता आलं असतं: नोव्हेंबर २०२१ मध्ये केलेब प्लांटला थांबवल्यानंतर सलग सात लढती जजांकडे गेल्या होत्या, त्यातली बिव्होलविरुद्धची हरला होता. हात जड राहिला नव्हता, आणि ज्याला एका ठोशात संपवता येत नाही अशा चपळ डावखुऱ्याविरुद्ध पाय लागतात. ते कॅनेलोकडे कधीच फार नव्हते.

जुन्या काळासाठी एक सूचना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अनेक लढतींत अधिकृत निर्णयच दिला जात नसे, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं विजेता ठरवत. हॅरी ग्रेबसारख्यांच्या पानावर अशा ओळी एनडब्ल्यूएस म्हणून वेगळ्या दिसतात आणि वरच्या चौकटीत मोजल्या जात नाहीत. ग्रेबची तुलना विली पेपच्या २२९ विजयांशी करायची असेल तर त्या ओळी हाताने मोजाव्यात. अर्धा तास जातो.