वायफायची किल्ली त्याच्या खिशात होती

गेल्या आठवड्यात आमच्याच गल्लीतल्या काकूंच्या दारात मला वायफायच्या नावाखाली फसवणारा माणूस तसेच तीन पांढरे डबे घेऊन उभा दिसला, म्हणून हे लिहितेय. काकूंना मी वेळेत थांबवलं. तुमच्या दारात तो किंवा त्याच्यासारखा कुणी येईल तेव्हा मी तिथे नसेन.

आमचं घर साताऱ्यात, जुनं. तळमजल्याच्या भिंती काळ्या दगडाच्या, दीड-दोन फूट जाड. वरचे दोन मजले नंतर चढवलेले. फायबरचा डबा खाली पुढच्या खोलीत, आणि मी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते ती खोली सगळ्यात वर. दगडातून वायफाय फारसं जात नाही. जास्त वेगाचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा (वायफाय ज्या रेडिओ लहरींवर चालतं त्यांतला एक) तर असल्या भिंतीपुढे लगेच मान टाकतो. मुलं सारखी म्हणायची, "टीचर, आवाज तुटतोय." एका महिन्यात चार पालकांनी मुलांना क्लासमधून काढलं आणि मी कुणीतरी चांगला माणूस शोधायला लागले.

ओळखीतून हा आला. बोलायला गोड. "ताई, रिपीटर लावून पैसे घालवू नका, मेश लावा. ट्राय-बँड, गिगाबिट. तिन्ही मजल्यांवर एकच नेटवर्क." मेश म्हणजे आपसात बोलून घरभर एकच वायफाय देणारे डबे, ट्राय-बँड म्हणजे तीन पट्ट्यांचे, गिगाबिट म्हणजे हजार एमबीपीएसपर्यंतचे. संचाचे २१,००० आणि 'फाइन ट्यूनिंग'चे २,५०० सांगितले. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "बिल घेतलं तर टॅक्स पडेल, कशाला?" मी मान डोलावली. इथेच थांबायला हवं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

डबे लावून झाल्यावर त्याने स्वतःच्या मोबाइलवर वेग दाखवला, २८० एमबीपीएसच्या वर. आमचा प्लॅन ३०० चा, त्यामुळे मी खूश. पण तो उभा होता खालच्या खोलीत, आणि त्याचा मोबाइल नव्या मेशला जोडलेलाच नव्हता. फायबरच्या डब्याचं जुनं वायफाय त्याने चालूच ठेवलं होतं आणि मेशला तेच नाव, तोच पासवर्ड दिला होता. मोबाइल नक्की कशाला जोडलाय हे बघणाऱ्याला सहज कळायला काही मार्ग नव्हता. शिवाय फायबरचा डबा आणि मेशचा पहिला डबा दोन्ही राउटर म्हणून चालत असल्यामुळे घरात राउटरमागे राउटर झाला होता, म्हणजे एकाच घरात दोन वेगळी नेटवर्कं. वरच्या प्रिंटरला खालचा लॅपटॉप का सापडत नाही, हे कोडं मला सहा महिने सुटलं नाही ते त्यामुळे.

मग दर महिन्याला बिघाड सुरू झाला. तीन-साडेतीन आठवडे ठीक चालायचं, नंतर वरच्या मजल्यावर नेट गायब. फोन केला की तो यायचा, "चॅनल बिघडलाय ताई" म्हणायचा आणि ७०० रुपये घेऊन जायचा. असं सहा वेळा झालं. सेटिंगचा पासवर्ड मागितला तर, "तुम्ही कशाला डोकं घालताय, मी आहे ना."

सहाव्या खेपेला माझे डोळे उघडले. माझा क्लास चालू होता, नेट गेलेलं. तो आला आणि सासूबाईंनी दिलेला चहा घेत ओट्यावरच बसला. मी वरून डोकावले तर तो मोबाइलवर काहीतरी दाबत होता. तेवढ्यात वर मुलांचे चेहरे परत हलायला लागले. एकही पायरी न चढता, एकाही डब्याला हात न लावता त्याने दुरुस्ती केली होती. आणि जे ओट्यावरून सुरू करता येतं ते त्याच्या घरूनही बंद करता येतं.

त्याच रात्री पुण्याहून भाच्याने फोनवर एकेक गोष्ट सांगितली, मी करत गेले. लॅपटॉप केबलने थेट फायबरच्या डब्याला जोडला: २९६ एमबीपीएस. तीच केबल मेशच्या पहिल्या डब्याला: ९४. भाचा लगेच म्हणाला, "मामी, हे गिगाबिट नाहीच. शंभरचं पोर्ट प्रत्यक्षात इतकंच देतं." वरच्या खोलीत वायफायवर वीससुद्धा नीट येत नव्हते.

डब्यांच्या तळाला त्याने स्वतःच्या 'वॉरंटी'चा मोठा स्टिकर लावला होता. खोबरेल तेल चोळून तो हलकेच सोडवला, तर खाली कंपनीचं मूळ लेबल. त्या मॉडेल नंबरवरून कळलं की संच दोनच पट्ट्यांचा आहे आणि बाजारात साडेपाच हजारांना मिळतो. दोनच पट्टे असले की डबे आपसात बोलतात तेही त्याच पट्ट्यांवर, ज्यावर आपले मोबाइल असतात, म्हणून प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्म्यावर येतो. तिसरा पट्टा लागतो तो नेमका डब्यांच्या या आपसातल्या बोलण्यासाठी. मी पैसे भरले होते ते त्या नसलेल्या पट्ट्याचे.

सगळ्यात जास्त राग मात्र मालकीचा आला. मेशचे डबे बहुतेक मोबाइल ॲपवरून चालवतात आणि पहिल्यांदा जो खातं उघडतो तो त्या नेटवर्कचा मालक होतो. आमच्या घराचा मालक तो होता, त्याच्या मोबाइल नंबरवर. घरात कोणता मोबाइल किती वाजता जोडला जातो, मुलगी रात्री किती वाजेपर्यंत जागी आहे, हे त्याला घरबसल्या दिसू शकत होतं. पैशांपेक्षा हे मला जास्त लागलं.

दर महिन्याचा बिघाड तोच करत होता हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, माझ्याकडे नोंद नाही. पण तिन्ही डबे रीसेट करून माझ्या नंबरवर खातं उघडल्याला आता चार महिने झाले, आणि नेट एकदाही तसं गेलेलं नाही.

नवे डबे घेतले नाहीत. जिन्यातून वरपर्यंत नेटवर्कची कॅट-६ केबल ओढली आणि डबे आपसात तिनेच जोडले. मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे राउटरचं काम फायबरच्या डब्याकडे आणि मेशने फक्त वायफाय द्यायचं, आणि फायबरच्या डब्याचं वायफाय बंद केलं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनल नावाचे कप्पे असतात; शेजाऱ्यांचं सगळं चॅनल ६ वर होतं, आपलं ११ वर नेलं. १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून त्यांच्यातूनच निवडायचं. त्याचं २,५०० रुपयांचं ट्यूनिंग ते एवढंच, एका संध्याकाळचं काम. आता वर नव्वदच्या आसपास मिळतात. माझ्या क्लासला तीन-चार एमबीपीएस पुरतात, म्हणजे मुळात मला केबल हवी होती, डबे नव्हेच.

एकूण गेले २७,७००. बिल नव्हतं, पण पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे प्रत्येक रकमेची तारीख माझ्याकडे आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. परवानगीशिवाय नेटवर्कचा ताबा ठेवल्याबद्दल सायबर पोलिसांकडे वेगळा अर्ज दिला. पैसे अजून आलेले नाहीत. त्याने फोन करून "ताई, आपसात मिटवू" म्हटलं, मी लेखी द्या म्हटलं, त्यानंतर फोन नाही.

माझी एक चूक तुम्ही करू नका. मी रीसेट घाईने केला आणि ॲपच्या मालकाच्या जागी त्याचं नाव असल्याचा पुरावा त्यात पुसला गेला. आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला अनुक्रमांक कळवून हे डबे कुणाच्या खात्यावर आहेत ते लेखी विचारा. आणि तळाला असा स्टिकर असेल, तर तेल लावण्याआधी त्याचा फोटो काढा.