मेलबर्न ते मुंबई: लो-कॉस्टचा सेल घ्यावा की मोठ्या कंपनीचा?

ब्लॅक फ्रायडेच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सेलच्या आठवड्यात दोन टॅब उघडून बसलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. एका टॅबमध्ये लो-कॉस्टचा, म्हणजे स्वस्त विमान कंपनीचा सेल: मेलबर्न ते क्वालालंपूर किंवा सिंगापूर, एकतर्फी दोनशे ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास, आणि तिथून पुढे मुंबईचं वेगळं काढायचं तिकीट. दुसऱ्या टॅबमध्ये मोठ्या कंपनीचा सेल: थेट मुंबईपर्यंत एकच तिकीट, बॅगा धरून, पण आकडा बघून हात आखडावा असा. मी दोन्ही मार्गांनी घरी जाऊन आलोय. जेवण कसं, स्क्रीन केवढी, पाय किती पसरता येतात यात शिरत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आठ तास कुठेही बसून निघतात.

आधी लो-कॉस्टची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. नुसतं फिरायला जायचं असेल, बाली, बँकॉक, हो ची मिन्ह सिटी, तर मी आजही डोळे झाकून लो-कॉस्टच काढतो. जेटस्टार, स्कूट, एअरएशिया एक्स यांचे सेलचे दर एकतर्फी असतात ही फार मोठी सोय आहे. जाताना एकीचं तिकीट, येताना दुसरीचं, असं जमवता येतं. मोठ्या कंपन्यांचा सेल बहुतेक वेळा येण्याजाण्याच्या जोडीवरच असतो. फक्त जायचं तिकीट मागितलं की दर एकदम अंगावर येतो. बॅगेचंही तसंच. इकडून जाताना माझी एक छोटी बॅग असते आणि परत येताना दोन भरगच्च. लो-कॉस्टमध्ये जाताना हातातली बॅग आणि येताना ३० किलो, असं हवं तेवढंच वजन विकत घेता येतं.

दर खरंच स्वस्त आहे का, हे ओळखायची माझी एक खूण आहे. ऑस्ट्रेलिया सोडताना माणशी ७० डॉलर पॅसेंजर मूव्हमेंट चार्ज सरकार घेतं. जुलै २०२४ च्या आधी तो ६० होता. हे पैसे तिकिटातच धरलेले असतात. म्हणजे १५० डॉलरचं तिकीट दिसलं तर त्यातले जवळजवळ निम्मे विमान कंपनीला मिळतच नाहीत. त्याहून फार खाली दर जाईल म्हणून मी वाट बघत बसत नाही, दिसला की घेऊन टाकतो. १२ वर्षांखालच्या मुलांना हा आकार माफ आहे, तेव्हा मुलांच्या तिकिटात तो लागलेला नाही ना, एवढं पैसे भरायच्या आधी बघून घ्या.

आता घरी जायचं गणित. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी आईला पुण्याला सोडायला निघालो होतो. माझं परतीचं तिकीट हवं होतं, तिचं एकतर्फी. त्यामुळे लो-कॉस्ट अगदी आमच्यासाठीच केल्यासारखं वाटलं. पहिल्या पानावर दोन्ही पर्यायांत ५०० डॉलरच्या वर फरक दिसत होता. मग बॅगा घातल्या. आईला खिडकी नको, कडेची सीट हवी, ती घेतली. मला शेजारी बसायचं होतं, माझीही सीट घेतली. जेवण, कार्डाने पैसे भरण्याचा आकार, पुढच्या तिकिटाच्या बॅगा. शेवटच्या पानावर फरक उरला १९० डॉलर. इथे ऑस्ट्रेलियात किंमत अशी पानागणिक चढवत नेण्यावरून एसीसीसीने, म्हणजे ग्राहक आयोगाने, दोन विमान कंपन्यांना कोर्टात खेचलं होतं आणि २०१७ मध्ये त्यांना दंडही झाला. तेव्हापासून सक्तीचे आकार आधी दाखवतात, पण बॅग आणि सीट ऐच्छिक म्हणून मागाहूनच येतात. आईवडील बरोबर असले की त्यातलं काहीच ऐच्छिक राहत नाही. तरीही १९० डॉलर म्हणजे थोडे नव्हेत, आणि मी ते वाचवले.

माझं मत फिरलं ते पैशावरून नाही, व्हीलचेअरवरून.

आईचे गुडघे दुखतात, लांब चालवत नाही. म्हणून दोन्ही विमानांत व्हीलचेअर मागून ठेवली होती, आणि ती मिळालीही. मधल्या विमानतळावर उतरलो तेव्हा दारातच एक मुलगा खुर्ची घेऊन उभा होता. त्याने इमिग्रेशनमधून नेलं, सामानाच्या पट्ट्यापाशी थांबला, आमच्या बॅगा उतरवायला हात लावला आणि बाहेरच्या मोठ्या दारापर्यंत आणून सोडलं. तिथे त्याने खुर्चीचा ब्रेक लावला, आईला हात देऊन उठवलं आणि खुर्ची घेऊन निघाला. मी म्हटलं, आम्हाला पुढे मुंबईचं विमान आहे. त्याने माझा कागद नीट वाचला आणि समजावून सांगितलं की हे तिकीट इथे संपतं. पुढची खुर्ची पुढच्या कंपनीची, ती त्यांच्या काउंटरवर मिळेल. तो बोलला त्यात काही चूक नव्हतं. विमानतळाचंही चुकलं नव्हतं. दोन तिकिटं म्हणजे दोन वेगळे प्रवास, आणि त्या दोन प्रवासांच्या मधे माझी आई उभी होती.

पुढच्या कंपनीचं काउंटर उड्डाणाच्या तीन तास आधी उघडणार होतं. आम्ही पोचलो सहा तास आधी. विमान उशिरा आलं तर हाताशी वेळ असावा म्हणून मीच एवढं अंतर ठेवलं होतं. बॅगा देता येत नाहीत, बॅगा दिल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि खुर्ची काउंटरवरच. ट्रॉलीवर दोन मोठ्या बॅगा, वर आईची कापडी पिशवी, आणि बाहेरच्या भागात बसायला धातूची चार बाकं, तीही भरलेली. एका बाईने उठून आईला जागा दिली. आई थोडा वेळ बसली, मग म्हणाली, "अरे, या बॅगा आधी कुठेतरी टाक बाबा. तुला बाथरूमलाही जाता येत नाहीये." खरंच जाता येत नव्हतं. तिला सामानाजवळ एकटी सोडून जायला मन होईना, आणि ट्रॉली घेऊन दोघांनी जायचं तर तिला तेवढं चालवत नव्हतं. तिने तीन तास पाणी प्यायलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

१९० डॉलरमध्ये मी नेमकं काय विकलं होतं ते तेव्हा कळलं.

माझा एकट्याचा अनुभव म्हणजे नियम नव्हे. बॅकपॅक पाठीला लावून जाणाऱ्या पंचविशीतल्या पोराला त्या सहा तासांत शहरात फेरफटका मारून येता येईल, आणि त्याने १९० डॉलर जरूर वाचवावेत. पण दोन वेगळ्या तिकिटांचा विचार करणाऱ्याने पासपोर्टचा प्रश्न आधी सोडवावा. बॅगा घ्यायला बाहेर पडायचं म्हणजे त्या देशात प्रवेश करायचा. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केलाय, फक्त निघण्याआधी ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं. सिंगापूरला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. काही देशांचा वैध व्हिसा असला तर ९६ तासांची सवलत मिळू शकते, पण त्याला अटी आहेत. आपल्याकडे ऑस्ट्रेलियन पासपोर्ट असतो म्हणून हे सुचत नाही, आणि आईबाबांच्या हातात भारतीय पासपोर्ट असतो. शिवाय क्वालालंपूरला लो-कॉस्टचं टर्मिनल २ वेगळं आणि मोठ्या कंपन्यांचं टर्मिनल १ वेगळं. मधली गाडी तीन मिनिटांची, २ रिंगिटची; पण तीन मिनिटांच्या गाडीपर्यंत सामानासकट पोचायला मात्र बराच वेळ लागतो.

आणि वेळापत्रक. सेलचं तिकीट आपण सहा-आठ महिने आधी काढतो. तेवढ्या काळात कंपनीने वेळ बदलल्याची एखादी ईमेल येतेच. एकाच तिकिटावर असाल तर पुढचं विमान जुळवून देणं ही कंपनीची जबाबदारी. दोन तिकिटांत पहिल्या कंपनीने चार तास पुढे ढकललं तर दुसरीला त्याचं काही देणंघेणं नसतं, आणि पहिली फार तर तिच्या तिकिटाचे पैसे परत करते.

एक मधला मार्गही आहे. लो-कॉस्टमध्येही एकच तिकीट मिळू शकतं. एअरएशियाचं फ्लाय-थ्रू असं असतं: एकाच बुकिंगवर पुढचं विमान असेल तर बॅगा परस्पर पुढे जातात आणि इमिग्रेशनबाहेर पडावं लागत नाही. स्कूट ही सिंगापूर एअरलाइन्सचीच कंपनी असल्याने दोघींचे टप्पे जोडून एक तिकीट निघतं. चेन्नई किंवा तिरुचिरापल्लीच्या लोकांना याचा चांगला उपयोग होतो. आपल्या मुंबईला स्कूट स्वतः जात नाही, मग जोडून काढलेलं तिकीट मोठ्या कंपनीच्या सेलपेक्षा फार स्वस्त पडत नाही, निदान मी पाहिलं तेव्हा तरी पडत नव्हतं.

मोठ्या कंपनीच्या सेललाही काटे आहेत. सेलचं तिकीट सगळ्यात खालच्या वर्गाचं असतं. तारीख बदलायला पैसे, रद्द केलं तर बहुतेक रक्कम गेली. आणि सेलच्या तारखा. त्यात डिसेंबर-जानेवारी नसतोच. लग्नाला जायचं असेल तर सेल विसरा. फेब्रुवारी-मार्च, ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, शाळेच्या सुट्ट्या सोडून, अशा तारखा मिळतात. गंमत म्हणजे आपले गणपती बरोबर त्यातच येतात. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला गणपती होते, आणि आधीच्या नोव्हेंबरच्या सेलमध्ये काढलेल्या तिकिटावर मी घरी गेलो. सिंगापूरमार्गे, एकच तिकीट. मेलबर्नला बॅगा दिल्या त्या मुंबईला पट्ट्यावर दिसल्या. मध्ये माझ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, एक कॉफी घेतली आणि बसून राहिलो.

आईबाबांचं तिकीट काढणाऱ्यांनी मात्र एक लक्षात घ्या: ऑस्ट्रेलियाचा सेल ऑस्ट्रेलियातून सुरू होणाऱ्या प्रवासाला असतो. त्यांचा प्रवास मुंबईहून सुरू होतो, म्हणून त्याच कंपनीच्या साइटवर देश बदलून भारत करा आणि तिथला रुपयांतला दर बघा. त्यांचे सेल वेगळ्या वेळी लागतात. इथे पहिल्या वर्षी मी महिनाभर चुकीच्या सेलची वाट बघत होतो.

शोधायला मी गूगल फ्लाइट्सचं कॅलेंडर वापरतो. पुढचे-मागचे आठवडे एकदम दिसतात, आणि आपला मार्ग घालून अलर्ट लावला की दर हलला की ईमेल येते. तिकीट मात्र कंपनीच्या स्वतःच्या साइटवरच काढतो, एखादी अनोळखी एजन्सी ३० डॉलर कमी दाखवत असली तरी. वेळ बदलली की एजन्सी म्हणते कंपनीला विचारा, आणि कंपनी म्हणते जिथे काढलं तिथे विचारा.

गणपतीनंतर महिन्याभराने आई इकडे आली, यावेळी एकटी. मुंबईहून निघताना एकच तिकीट, सिंगापूरला विमान बदलायचं. मला रात्रभर झोप नव्हती. सकाळी तुल्लामरीनला, मेलबर्नच्या विमानतळावर, दारातून खुर्चीवर बाहेर आली तेव्हा मांडीवर तीच कापडी पिशवी होती. मी विचारलं, सिंगापूरला कसं झालं? म्हणाली, "एका मुलीने विमानातून घेतलं, ती पुढच्या गेटपर्यंत सोडेपर्यंत बरोबरच होती. मध्ये म्हणाली, काही खाणार का. मी आपलं पाणी मागितलं."

२०२६ चे गणपती १४ सप्टेंबरला आहेत. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, शाळा १८ तारखेला सुटतात, म्हणजे मुलांची सुट्टी लागल्यावर निघालात तर अनंत चतुर्दशीचं विसर्जन मिळेल पण सेलचा दर मिळणार नाही. आम्ही शाळेत आठवड्याहून थोडी जास्त रजा सांगून १० तारखेला निघायचं ठरवतोय. अलर्ट लावून ठेवलाय.