थाळी उत्तम, पण ‘वॉज’ की ‘वेअर’?

कर्वे रस्त्यालगतच्या गल्लीतल्या या थाळीवाल्यांकडे रविवारी दुपारी दोन भाचरांना घेऊन गेले. भाचा उत्तर इंग्लंडातल्या लीड्सचा, भाची अमेरिकेतल्या न्यू जर्सीची. पाऊण तास नंबर लागेना. बाहेर बाक एकच, तोही उन्हात.

आत गेल्यावर राग उतरला. अळूच्या भाजीत मुळा, शेंगदाणे, आणि चिंच-गूळ असा जमलेला की मी तीनदा वाटी पुढे केली. मसालेभात मोकळा, वर ओलं खोबरं. पुरणपोळी मात्र कोमट आणि तूप मोजून अर्धा चमचा. थाळीचे ४२० रुपये घेता, मग तुपालाच हात आखडता का?

जेवण झाल्यावर भाचीने ‘चेक’ मागितला. गल्ल्यावरचे काका मान वर न करता म्हणाले, “चेक घेत नाही, स्कॅन करा.” भाचा खदाखदा हसला, अमेरिकेत बिलाला ‘चेक’ म्हणतात, त्याच्या इंग्लंडात आपल्यासारखं बिलच. पण घरी न्यायला पोळ्या हव्या होत्या, तिथे त्याचं ‘टेकअवे’ही अडलं आणि हिचं ‘टू गो’ही. वाढप्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “सहा पोळ्या पार्सल.” दोन मिनिटांत हजर. इंग्रजी तिघांचंही, चाललं माझं!

मग दोघं मोबाइलवर अभिप्राय लिहायला बसली. त्याने लिहिलं, ‘द स्टाफ वेअर लव्हली’. हिने लगेच ‘वॉज’ केलं. ब्रिटनमध्ये स्टाफ, टीम, फॅमिली म्हणताना त्यातली माणसं मोजतात आणि अनेकवचन लावतात. अमेरिकेत तो एकच गट. पुढे त्याने ‘वी वेअर सॅट बाय द विंडो’ लिहिलं, तेव्हा ती उखडलीच. “कुणी बसवलं तुला?” उत्तर इंग्लंडात ‘आम्ही बसलो होतो’ म्हणायला सर्रास असं बोलतात, अमेरिकन कानाला ‘वेटरने नेऊन बसवलं’ असं ऐकू येतं. इथे कोण बसवतंय? खुर्ची रिकामी दिसली की धावायचं.

“आत्या, तू सांग.”

मी काय सांगणार? ‘मंडळी जेवायला बसली आहे’ आणि ‘बसली आहेत’, दोन्ही ऐकत मी मोठी झाले. शिवाय माझं इंग्रजी ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ थाटाचं, त्यावर दोघं एकदम एक होतात.

तर हा अभिप्राय मराठीतच. तीन स्टार. चौथा गरम पोळीवर नीट तूप पडेल त्या दिवशी.