परक्या सागरी जीवांच्या पाहणीसाठी पीव्हीसी पाट्या: बोहरी आळीतून काय घ्यावं, काय टाळावं

जेट्टीवर परके, म्हणजे दुसऱ्या भागातल्या समुद्रातून आलेले, जीव बसू लागलेत का, हे पाहायला पाण्यात टांगलेली साधी पीव्हीसी पाटी पुरते. रूढ माप १४ × १४ सेंमी. पुण्याहून कोकणात काम करणाऱ्यांनी ती रविवार पेठेत, बोहरी आळीत कापून घ्यावी. मशीनवरचं कटिंग उत्तम असतं, आणि सगळ्या पाट्यांचं क्षेत्रफळ सारखं असल्याशिवाय दोन जेट्ट्यांची तुलनाच करता येत नाही.

मागताना ‘सॉलिड, करडी, ५ मिमी’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘पीव्हीसी’ म्हटलं तर फर्निचरची फोम शीट पुढ्यात येते. दिसते तशीच, पण तरंगते. तुकडा बादलीत टाका. सॉलिड असेल तर तळाला जातो. भोकं कडेपासून २ सेंमी आत पाडून घ्या, नाहीतर लाटांच्या हिसक्याने कोपरे तुटतात. घरी आल्यावर वरची फिल्म सोलून एक बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करा. नंबर कोरूनच घाला, मार्करचा टिकत नाही.

पाटी बांधायला-टांगायला लागणाऱ्या स्टीलच्या बाबतीत मात्र सावध राहा. ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) म्हणून बहुधा ३०४ ग्रेड हातात पडतो आणि खाऱ्या पाण्यात त्याला खड्डे पडतात. ३१६ हवा. चुंबकाने हा फरक कळत नाही, म्हणून ग्रेड बिलावर लिहून घ्या.

पाटी विटेला बांधून खरखरीत बाजू खाली ठेवा, म्हणजे तिच्यावर गाळ बसत नाही. तरंगत्या जेट्टीला १ मीटर खोल टांगा. पक्क्या जेट्टीला मात्र उधाणाच्या ओहोटीतही पाटी पाण्याखालीच राहिली पाहिजे. एकदा उघडी पडून वाळली की ती पाटी बाद. मुदत तीन महिने.

वर काढल्यावर समुद्राच्याच पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून फोटो घ्या. लक्ष ठेवायचं ते मायटिलॉप्सिस सॅलेईवर. कॅरिबियन भागातला हा शिंपला विशाखापट्टणमला १९६७ मध्ये आढळला, पुढे मुंबईतही. लहानशा शिणाण्यासारखाच (मसलसारखाच) दिसतो, म्हणून उघडून चोचीच्या, म्हणजे निमुळत्या टोकाच्या, आत पाहा: तिथे छोटा पडदा आणि त्याला लागून दातासारखं टोक असतं. हिरव्या शिणाण्यात हा पडदा नसतो. डीएनएसाठी नमुना ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, फॉर्मलिनमध्ये नको. मिटलेल्या शिंपल्यात इथेनॉल शिरत नाही आणि आतलं मांस कुजतं, म्हणून आधी कडेला फट पाडा.