झेरॉक्सच्या दुकानात वाचलेला ‘द ग्लास पॅलेस’

रत्नागिरीत थिबा पॅलेसकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दिवसातून चार वेळा तरी कुणीतरी गाडीची काच खाली करून विचारतं, “ताई, थिबा पॅलेस?” मी झेरॉक्स काढता काढता हातानेच दाखवते, सरळ. सतरा वर्षं दाखवतेय. आत स्वतः गेलेय तीनदा, त्यातही दोनदा पाहुण्यांना घेऊन. गावातलं देऊळ आणि गावातला राजवाडा, दोन्ही पाहुण्यांसाठीच असतात.

तर अमिताव घोष यांचं ‘द ग्लास पॅलेस’ मुलीने पुण्याहून पाठवलं. “आई, यात आपली रत्नागिरी आहे, वाच.” इंग्रजी पुस्तक, साडेपाचशे पानांच्या आसपास. बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, पण त्याला तीस वर्षं झाली. म्हटलं, गिऱ्हाईक नसेल तेव्हा दोन-दोन पानं वाचू. जूनच्या शेवटाला सुरू केलं, गणपतीच्या आधी आठ दिवस संपलं. मधे डिक्शनरी, मधे लाइट गेलेली, मधे दहावी-बारावीच्या पोरांचे दाखल्यांचे गठ्ठे.

आधी प्रतीबद्दल बोलते, कारण तिने मला फार छळलं. ऑनलाइन मागवलेली, स्वस्तातली. ज्याने विकली त्याचं नाव घेत नाही, पण कागद पाहूनच मला शंका आली. आम्ही या धंद्यातली माणसं, कागदावर बोट फिरवलं की कळतं. छपाई फिकी, अक्षर बारीक, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत पंधरा दिवसांत कव्हर पुरणपोळीसारखं फुगलं. मी रात्री ते तांदळाच्या डब्यावर, गॅसच्या शेगडीजवळ ठेवायचे. हेही चाललं असतं. पण ऐन महत्त्वाच्या जागी एक फर्मा, म्हणजे एकत्र बांधलेल्या पानांचा गठ्ठा, दोनदा बांधलेला आणि पुढचा गायब! सोळा पानं नाहीत. तीही कुठली, तर १९४२ साली ब्रह्मदेशातून माणसं पायी निघतात तिथली. अर्ध्या रानात मला सोडून पुस्तक पुन्हा मागच्या गावात गेलं. मी आधी समजले, लेखकाचीच काही युक्ती असेल. दोन पानं तीच तीच वाचल्यावर उजेड पडला. विकणाऱ्याने दाद दिली नाही. शेवटी मुलीने तिच्या मैत्रिणीच्या प्रतीतल्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले, मी ते प्रिंट मारले, दोन्ही बाजूंनी, कापले आणि आत पिना मारून घातले. दुकान असल्याचा एवढा तरी फायदा.

आता कादंबरी. सुरुवात मंडालेत, १८८५च्या नोव्हेंबरात. इंग्रजांच्या तोफांचा आवाज येतो आणि बाजारातल्या एका खाणावळीवर काम करणारा अकरा वर्षांचा अनाथ बंगाली मुलगा, राजकुमार, तो आवाज ओळखतो. पंधरवड्यात लढाई संपते, ब्रह्मदेशचा राजा थिबा आणि राणी सुपयालत यांना बैलगाडीतून नेतात. त्या लुटीच्या गोंधळात राजकुमार राजवाड्यात शिरतो आणि राजकन्यांची एक छोटी दासी, डॉली, त्याच्या नजरेत भरते. डॉली हद्दपार केलेल्या राजघराण्याबरोबर आमच्या गावात येते. राजकुमार मागे राहतो, सागवानाच्या धंद्यात पडतो, पैसा करतो आणि वीसेक वर्षांनी तिला शोधत रत्नागिरीला येतो.

इथे माझी पहिली तक्रार. एका नजरेवर वीस वर्षं? दहा वर्षांची पोर पाहिली आणि तिशीपर्यंत तीच डोक्यात? माझ्या नवऱ्याला मी मागच्या शुक्रवारी काय नेसले होते ते आठवत नाही. तरी सागवानाच्या पानांनी माझी समजूत घातली. रानातले हत्ती, ओंडके नदीत सोडणं, ओंडके अडकले की मोकळे करणं, हत्तींना होणारा अँथ्रॅक्स, हे सगळं इतकं बारीक लिहिलंय की वाचताना मी माझ्या काउंटरकडे बघितलं. सासऱ्यांनी जुन्या घराच्या मोडतोडीतून उचलून आणलेलं काउंटर, सगळे त्याला ‘बर्मा सागवान’ म्हणतात. त्यावर मी रोज आधार कार्डांच्या प्रती कापते. तो शब्द कुठून चालत आला हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

रत्नागिरीचा भाग मी तीनदा वाचला. राजा दुर्बीण घेऊन खाडीकडे बघत बसलेला असतो, आणि गावातल्या लोकांचा असा समज झालेला असतो की समुद्राने कुणाला गिळलं तर पहिलं त्यालाच कळतं. मांडवीच्या धक्क्याजवळ वाढलेल्या माणसाला हे वाचताना काय होतं, ते सांगता येत नाही. राजवाडा १९१०च्या सुमाराला बांधून झाला आणि डिसेंबर १९१६मध्ये थिबा इथेच गेला. म्हणजे आपण ज्याला ‘थिबाचा राजवाडा’ म्हणतो तिथे तो शेवटची पाच-सहा वर्षंच होता. त्याआधीची चोवीस-पंचवीस वर्षं भाड्याच्या बंगल्यात काढली. कादंबरीतला बराचसा मामला त्या बंगल्यातलाच. गाडीच्या काचेतून विचारणाऱ्यांना मी हे कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते. कुणाला ऐकायला वेळ नसतो, तो भाग वेगळा.

पण जिथे लेखकाने खऱ्यावर कल्पनेची झूल चढवली, तिथे माझं जरा अडलं. पहिल्या राजकन्येची गोष्ट. कादंबरीत तिचं सावंत नावाच्या कोचवानावर मन जातं, दिवस राहतात, कलेक्टरची नोकरी अडचणीत येते. आमच्याकडे ही गोष्ट दंतकथा नाही, शेजारपाजारची हकिगत आहे. खरा माणूस गोपाळ सावंत, राजाच्या फाटकावरचा दरवान, आणि त्याचं आधीच लग्न झालेलं होतं. राजकन्येला त्याच्यापासून मुलगी झाली, टूटू. १९१९ साली राजाचं कुटुंब ब्रह्मदेशात परत गेलं, पण ही राजकन्या लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीत आली आणि १९४७ साली इथेच वारली. टूटूने मराठी माणसाशी लग्न केलं, मराठीतच संसार केला, गावात तिला बैसू म्हणायचे. ती २००० साली गेली. कादंबरीही त्याच २००० सालची. एकीकडे परदेशी पुस्तकाच्या दुकानांत राजाची गोष्ट मांडली जात होती आणि इकडे राजाची नात आमच्यासारखीच मराठी बोलत म्हातारी झाली होती.

ही मुलगी पुस्तकात पुढे येत नाही. लेखक डॉली आणि राजकुमारला घेऊन बोटीने निघून जातो, रत्नागिरी मागे पडते. मला वाटतं, प्रेमकथा खरी हवी होती तर ती इथेच राहिली होती, दोन पिढ्या. पण ती चांगली दिसत नाही ना, लग्न झालेला दरवान आणि राजकन्या. त्याच्यावर कादंबरी लिहायला छाती लागते. घोष यांचं कसब कमी आहे असं नाही, त्यांना जायचं होतं दुसरीकडे.

आणि ते जिथे गेले तिथे मात्र मी हरले. दुसऱ्या महायुद्धाचा भाग. जपान्यांनी डिसेंबर १९४१मध्ये रंगूनवर बॉम्ब टाकले, मार्च १९४२ला रंगून पडलं, आणि तिथली हिंदी माणसं, चार-पाच लाखांच्या घरात, रानातून, डोंगरातून आसाम-मणिपूरकडे चालत निघाली. त्यातली हजारो वाटेत गेली. गोऱ्यांची वाट वेगळी, काळ्यांची वेगळी, हेही खरंच घडलेलं. पुस्तकात राजकुमार, डॉली, त्यांची सून मंजू आणि तिची तान्ही पोर, असे चार जीव निघतात. मंजूचं काय होतं ते सांगत नाही. एवढंच सांगते की नदीकाठाचं ते पान मी पिना मारलेल्या प्रिंटवर वाचलं, त्या वेळी एक मुलगा परीक्षेचा फॉर्म घेऊन समोर उभा होता आणि मी त्याला “थांब रे” म्हणाले तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

हे इतकं का भिडतं, त्याचं उत्तर शेवटच्या टिपणात सापडलं. घोष तिथे लिहितात की या पुस्तकाचं बी त्यांच्या वडिलांनी आणि रंगूनमध्ये लाकडाचा व्यापार करणाऱ्या काकांनी घरी आणलं. वडील तर ब्रह्मदेशच्या आघाडीवर सैन्यातच होते. म्हणजे ज्या वाटेचं वर्णन आहे ती त्यांनी जेवणाच्या ताटावर ऐकलेली. राजकन्येची गोष्ट वाचून आणलेली, ही घरातली. फरक दिसतो. माझी सगळ्यांना सूचना: ‘सत्य घटनेवर आधारित’ असं काही वाचायला घेतलंत तर आधी शेवटचं टिपण वाचा. कथा फुटते म्हणतात, मला नाही वाटत. कुठल्या पानावर लेखक स्वतःच्या माणसाबद्दल बोलतोय, ते ओळखायला मदत होते.

सैन्यात असलेल्या अर्जुनचा भाग पण चांगला. हिंदी अधिकारी, मलायात जपान्यांपुढे पळापळ, आणि मग इंग्रजांशी इमान राखायचं की आझाद हिंद सेनेत जायचं, हा पेच. त्याची बाजू लेखकाने सोपी केलेली नाही. हे वाचताना मला आपल्या माणगावजवळच्या पळसगावचा यशवंत घाडगे आठवला. मराठा लाइट इन्फंट्रीतला नाईक, १० जुलै १९४४ला इटलीत मारला गेला, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय बावीस. त्याच्या घरच्यांच्या वाटणीला काय आलं, त्यावर कुणी साडेपाचशे पानं लिहिलेली मला मिळाली नाहीत. मिळाली असती तर मी दुकान बंद ठेवून वाचली असती.

खटकलेलं अजून एक. मलायातल्या रबराच्या मळ्यानंतर माणसं इतकी वाढतात की मी मागच्या कोऱ्या पानावर वंशावळ काढली, सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी. दोन प्रेमप्रकरणं तर मला घाईत उरकल्यासारखी वाटली. ज्यांना एका बैठकीत रडायचंय त्यांनी हे घेऊ नये, हे सावकाश चढणारं आहे, भाट्याच्या खाडीतल्या भरतीसारखं. पुस्तकाला पाचपैकी चार. माझ्या प्रतीला एक, तोही पिनांसाठी. घ्यायचं तर भरवशाच्या दुकानातून, पानं चाळून, फर्मे बघून घ्या.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, त्यांनी बैसूला पाहिलेलं. पुस्तक संपलं त्या रात्री त्यांनी विचारलं, “एवढं काय होतं गो त्यात?” मी राजाची, डॉलीची, जंगलातल्या वाटेची गोष्ट थोडक्यात सांगितली. त्या मान हलवत होत्या. मग सावंताचं आलं. कोचवान, म्हणाले मी.

“कोचवान कुठचा? फाटकावर होता तो,” त्या म्हणाल्या, आणि कूस बदलून झोपल्या.