द सिम्स मीडिव्हल : आठ महिने खेळल्यानंतर, आणि तो देवमासा

लॅपटॉप दुरुस्त होऊन घरी आला, पण द सिम्स मीडिव्हल या गेममधलं माझं आठ महिन्यांचं राज्य त्यात नव्हतं. आमचं घर गोव्यात केरीला, समुद्र हाकेच्या अंतरावर. खारा वारा आणि पावसाळ्यातली ओल यांनी मदरबोर्ड गंजला. म्हापशाच्या एका दुकानात दिला तेव्हा डिस्कला हात लावू नका असं दोनदा बजावलं होतं. त्याने फॉरमॅट मारला, मजुरी पूर्ण घेतली आणि वर म्हणाला, "गेमच ना, परत टाका." गेम परत टाकला. सवलतीत घेतलेला, त्यामुळे पैशांचं दुःख नाही. पण त्यात मी घडवलेला बाबलो वैद्य परत येत नाही, आणि त्या रागातच हे लिहायला बसलोय.

गेम २०११ चा आहे, बहुतेकांनी तेव्हाच खेळून झालाय, म्हणून थोडक्यातच सांगतो : मध्ययुगीन राज्य चालवायचं, राजा, शिलेदार, वैद्य असे नायक घडवायचे आणि त्यांना मोहिमांवर पाठवायचं. चित्रं आज जुनी वाटतात, माझ्या जुन्या यंत्रावर पंखा न कोकलता चालतो, आणि घरं बाहेरून बांधता येत नाहीत ही जुनी तक्रार खरीच आहे. मला बोलायचंय ते त्यातल्या गोष्टी सांगण्याच्या पद्धतीबद्दल आणि विनोदाबद्दल. त्यातही एका दोषाबद्दल.

नायक घडवताना दोन गुण आणि एक घातक दोष द्यावा लागतो. कुणी दारुडा, कुणी खादाड, कुणी जुगारी, कुणी भित्रा. त्या यादीत एक दोष असा : 'देवमाशाने आईबापांना खाल्लं'. मी तो वाचून मोठ्याने हसलो आणि ताबडतोब माझ्या वैद्याला देऊन टाकला. बाबलो जळवा गोळा करायचा, रोग्यांचं रक्त काढायचा, रोजची दोन कर्तव्यं पुरी करायचा (ती चुकवली तर या राज्यात खोड्यात अडकवतात), आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना मधूनच त्याला देवमासा आठवायचा. मग त्याची एकाग्रता ढासळायची. या गेममध्ये भूक आणि झोप एवढ्या दोनच गरजा आहेत, बाकी सगळा कारभार या एकाग्रतेवर चालतो. त्यामुळे हा विनोद नुसता यादीत वाचून सोडून देण्याचा नाही, तो कामात आडवा येतो.

सुरुवातीच्या दोन महिन्यांत मी मित्रांना सांगत होतो की विनोद पाचकळ आहे आणि लवकर शिळा होतो. मोहिमेच्या चौकटीत येणारा मजकूर दुसऱ्या वेळी तसाच येतो, अक्षरही बदलत नाही. आमच्या पेडण्यात जत्रेला दशावतार बघत वाढलेल्या माणसाला हे फार खटकतं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, संवाद नटाने रंगमंचावर उभं राहून रचायचे. सिंहासन म्हणून एक बाकडं, पेटी, मृदंग, झांज, आणि रात्र सरेपर्यंत माणसं बसून. आख्यानाआधी येणारा संकासुर तर वेद चोरणारा राक्षस, पण गावातल्या ताज्या भानगडी काढून तोच सगळ्यांत जास्त हसवतो. गेल्या वर्षीचा विनोद यंदा केला तर पुढच्या रांगेतली पोरंही ओळखतात. गेमकडे ही सोय नाही.

हे मत चवथीच्या सुट्टीत बदललं. एक मोहीम मी आधी शिलेदाराकडून करून घेतली होती, तीच पुढच्या राज्यात भाटाला दिली. वाट वेगळी निवडली आणि मजकूर वेगळा निघाला, विनोदाची जागाही वेगळी. जिथे शिलेदार तलवार काढतो तिथे भाट शब्द काढतो. म्हणजे आख्यान एकच, मंडळी वेगळी! गेममध्ये नायकांचे दहा प्रकार आहेत. मी दोन महिने आळसाने त्याच शिलेदाराला पुढे करत होतो आणि दोष गेमला देत होतो. ते शब्द मी मागे घेतो. ज्यांना विनोद शिळा वाटतोय त्यांनी आधी नायक बदलून बघावा.

दुसरी गोष्ट त्यानंतर लक्षात आली. या गेममध्ये हसतो तो आपण, खेळणारा. आतलं कुणीही हसत नाही. खेळणाऱ्याला तिथली प्रजा 'पाहणारा' म्हणून देव मानते, आणि त्या एकाच देवाचे दोन पंथ आहेत. एकाचं मंदिर भपकेबाज आणि धाक घालणारं, दुसरा साधेपणाने वागणारा. दोघांचे पुरोहित एकमेकांची माणसं ओढायला टपलेले. खड्ड्यातल्या प्राण्यापुढे टाकलेला आरोपी जिवाच्या आकांताने लढतो. बोलतात ते निरर्थक भाषेत, पण हातवारे अगदी मनापासून. मजकूरही तसाच. विषय कितीही वेडगळ असो, लिहिणारा डोळा मिचकावत नाही. म्हणूनच तो विनोद आठ महिने टिकला.

आणि मग आई. एका संध्याकाळी ती मागे उभी राहून बघत होती. बाबलो पुन्हा खचून उभा. तिने विचारलं त्याला काय झालंय, मी हसत सांगितलं. ती हसली नाही. तिचं माहेर रापणकारांचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे पकडणाऱ्यांचं. म्हणाली, "हसतोस काय रे? ज्यांच्या घरचं माणूस दर्यात गेलंय त्यांना विचार. देवमासा म्हणतात, मासा नाही म्हणत नुसतं." तिचा एक चुलता मी जन्मायच्या आधी होडीसकट गेलेला. हे मला माहीत होतं, पण त्या दोषाशी मी ते कधी जोडलं नव्हतं. मग तिने विचारलं, "बरा होतो का तो?"

होतो. दोष काढून त्या जागी एक असामान्य गुण देणारी खास मोहीम आहे. मी बाबलोला तीच दिली होती, आणि ती अर्ध्यावर असतानाच लॅपटॉप बंद पडला. या मोहिमेबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. दोष पूर्ण पुसला जातो. काल ज्याला आईबाप आठवून काम सुचत नव्हतं, तो उद्या तसा काही नव्हताच असा वागणार. दुःखाची खूण तरी ठेवायला हवी होती. इतका बारीक विनोद करणाऱ्यांना हे जमलं असतं.

राज्याच्या महत्त्वाकांक्षेसाठी मिळालेले, मोहिमांवर खर्चायचे पॉइंट संपले की राज्य आटोपतं, पदक मिळतं, हेही कापल्यासारखं वाटतं, पण त्याची सवय होते.

ज्यांचं घर समुद्राजवळ आहे त्यांनी डॉक्युमेंट्समधलं सेव्हचं फोल्डर दर आठवड्याला पेनड्राइव्हवर घ्यावं. मी आता घेतो. नव्या राज्यात राजा बसलाय, वैद्याची इमारत बांधण्याइतके पॉइंट परवा जमतील. बाबलो पुन्हा करणार, तोच दोष देऊन. आईला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. म्हणाली, "या वेळी आधी त्याचं लग्न लाव. घरी कुणीतरी असू दे."